थंडीतले सायकलपथक

पावसाळा सरला, भाताची कापणी झाली, दिवाळीची सुट्टी संपली, की आमच्या पनवेल तालुक्यात सायकलींना एकाएकी तेज चढते. चार महिने पडवीत ओल खात पडलेली सायकल अंगणात येते, तिची साखळी धुतली जाते, तेलपाणी होते, आणि शाळेतले खेळाचे गुरुजी फळ्यावर सूचना लिहितात की, सायकलपथकात नाव घालणाऱ्यांनी उद्या पहाटे साडेपाचला पळस्पे फाट्याजवळ जमावे. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास बारा-चौदा मुले जमतात. दत्तजयंतीपर्यंत त्यांतली सात-आठ उरतात. संक्रांतीला गुरुजी शिटी घेऊन उभे, आणि समोर तिघेचौघे, तेही जांभया देणारे! बाकीच्यांची चौकशी करावी तर कुणाला ताप आहे, कुणाची ट्यूब फुटली आहे, कुणाच्या मामाचे लग्न आहे. खोपोलीजवळ साजगावला बोंबल्या विठोबाच्या जत्रेला गेलेला एखादा तर कार्तिक संपून मार्गशीर्ष लागला तरी परतलेला नसतो.

ही तक्रार मी निरनिराळ्या गावांच्या शिक्षकांकडून ऐकत आलो आहे. मी कॉलेजात शिकवतो. सायकलीच्या शास्त्राचा पंडित नव्हे. पण पळस्पे, शिरढोण, चिंचवण या बाजूच्या मुलांबरोबर काही हिवाळे रस्त्यावर काढले आहेत. तेवढ्या अनुभवावर आणि थोड्याफार वाचनावर आज तुमच्याशी बोलणार आहे. "हल्लीची पोरे मऊ झाली," हे जे निदान आपण चहाच्या घोटाबरोबर करून टाकतो, ते मला मुळीच मान्य नाही. तीच मुले जुलैच्या धुवांधार पावसात चिखल तुडवीत शाळेत येतात. मग डिसेंबरातच त्यांना काय होते?

पहिली गोष्ट ही की, आपल्याकडे थंडी म्हणण्यासारखी थंडी नाही. निफाडला काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. आपल्या पळस्प्याला तो पंधरा-सोळाच्या आसपास आला की आपण शेकोट्या पेटवतो. खरे पाहता कोकणात सायकल चालवायला याहून चांगला ऋतू नाही. वैशाखात ऊन भाजून काढते, आषाढात रस्ता दिसत नाही. शर्यतींचा हंगामही याचसाठी पावसाळ्यानंतरचा असतो. तेव्हा मुलगा थंडीला भितो हे निम्मे खरे. तो भितो काळोखाला, आणि त्यातही एकट्याने काढायच्या काळोखाला.

हा काळोख कसा वाढतो ते पंचांगात पाहा. ऑक्टोबरच्या मध्यावर पनवेलला सूर्य सुमारे साडेसहाला उगवतो. नोव्हेंबरच्या मध्यावर पावणेसातला. २२ डिसेंबरला वर्षातला सर्वांत लहान दिवस, म्हणून आपण समजतो की त्यानंतर पहाट लवकर होऊ लागत असेल. तसे होत नाही! सूर्योदय पुढेच सरकत राहतो आणि जानेवारीच्या मध्यावर, ऐन संक्रांतीच्या सुमारास, तो सर्वांत उशिरा, म्हणजे सव्वासातच्या आसपास होतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो हे आजीचे म्हणणे खोटे नाही. पण हा तीळ संध्याकाळच्या बाजूला पडतो. नोव्हेंबरात सहाला मावळणारा सूर्य जानेवारीच्या मध्यावर सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत टिकतो. सकाळच्या पदरी मात्र काहीच पडत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतही सूर्योदय सातच्या अलीकडे येत नाही.

आता हिशेब करा. साडेपाचला जमण्याचा नेम ऑक्टोबरात ठरला तेव्हा तो सूर्योदयाआधी एक तासाचा होता. जानेवारीत तोच नेम पावणेदोन तासांचा होतो. गुरुजींनी घड्याळ बदलले नाही, सूर्याने बदलले. मुलाच्या दृष्टीने आपण त्याला पहाटे उठवत नसून रात्री उठवतो. घरात कुणी जागे नसते, चूल पेटलेली नसते, कुत्री अंगावर येतात. अशा वेळी तो गोधडी पुन्हा डोक्यावर ओढतो यात त्याच्या चारित्र्याचा प्रश्न कुठे येतो? तेव्हा माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. वेळ सूर्याला बांधा, घड्याळाला बांधू नका. डिसेंबर-जानेवारीत पावणेसातच्या आधी पथक हलवू नका. सकाळची शाळा असेल तर आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी घ्या. तास कमी भरला तरी चालेल. दोन-तीन आठवडे सायकल भिंतीला टेकून राहिली की कमावलेला दमसास उतरू लागतो. पण रोजचा अर्धा तास जरी चालू राहिला तरी तो बराचसा टिकतो.

वेळेचा हा आग्रह केवळ सोयीचा नाही. श्रोतेहो, पळस्पे फाटा कसा आहे हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. मुंबईहून येणारा रस्ता इथे फुटतो. एक जुन्या पुणे रस्त्याने चौक, खालापूर, खोपोलीकडे जातो, दुसरा कर्नाळ्याची खिंड ओलांडून पेण आणि पुढे गोव्याकडे. त्यात १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यापासून कंटेनर वाहणाऱ्या लांबलचक गाड्यांची रीघ लागलेली. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, पण त्यावर सायकलीला मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. म्हणजे आपली मुले उरतात जुन्या रस्त्यावर. थंडीत पहाटे धुके पडते. रात्रभर गाडी चालवून आलेल्या ड्रायव्हरला दहा हातांवरची दिवा नसलेली सायकल दिसत नाही. पथकाला स्फुरण देण्याच्या भरात हे आपण विसरलो तर उरलेल्या सगळ्या बोलण्याला काय अर्थ आहे? आई मुलाला पहाटे पाठवायला कां-कू करते, तिला आपण लाडावणारी म्हणतो. माझ्या मते त्या घरात रस्त्याचा विचार करणारी ती एकटीच असते.

म्हणून आमच्याकडे काही नियम ठरले आहेत आणि त्यांत सवलत नाही. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि चमकणारी पट्टी असल्याशिवाय सायकल रांगेत घ्यायची नाही. फाटा सायकल हातात धरून पायी ओलांडायचा, मग तो मुलगा कितीही तरबेज असो. धुके असे दाट की पुढचा विजेचा खांब दिसत नाही, तर त्या दिवशी रस्ता बंद. शाळेच्या पटांगणात दंडबैठका आणि सायकलीची दुरुस्ती. हमरस्त्यावर जोडीने नाही, एकामागून एक. आणि शक्य तितका हमरस्ता टाळायचा. शिरढोण-चिंचवणच्या आतल्या वाटा आहेत, आपट्याकडे पाताळगंगेच्या बाजूला जाता येते, पनवेलहून नेऱ्याकडे जाणारा रस्ता आहे. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. त्यांच्या तालमीची आणि दऱ्याखोऱ्यांतल्या भटकंतीची गोष्ट मुलांना तिथेच उभे राहून सांगता येते. तेवढीच दोन मिनिटे विसावाही होतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. दिवा दिला, वेळ बदलली, तरी मुलगा अंथरुणातून उठायचा कशाने?

आमच्या भागात एक मुलगा आहे. दहावीला आहे. तो पथकात नाही, कारण त्याला सकाळी वेळच नसतो. घरच्या दोन म्हशींचे दूध तो सायकलीला किटल्या लावून रतिबाला घालतो. सायकल जुनी, वजनदार, एक पायटा मोडलेला. ना त्याला कुणी शिटी वाजवून बोलावतो, ना कुणी शाबासकी देतो. तो एकही दिवस चुकत नाही. एकदा मी त्याला विचारले, "अरे, थंडी वाजत नाही का तुला?" तर म्हणाला, "वाजते ना सर. पण ती म्हातारी चहाचं आधण ठेवून बसते."

या उत्तरात पुष्कळ आहे. कुणीतरी आपली वाट पाहते आहे, आणि आपण गेलो नाही तर त्याचे अडणार आहे. चौदा मुलांच्या घोळक्यात कुणाची कुणाला वाट पाहावी लागत नाही. मी नाही गेलो तर तेरा आहेतच, असे प्रत्येकाला वाटते. आणि गंमत अशी की चौदाही जणांना एकाच सकाळी वाटते.

याचा शोध शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. फ्रान्समध्ये रिंगेलमान नावाचे शेतकी यंत्रांचे एक तज्ज्ञ होते. माणसे एकेकटी आणि मिळून दोर ओढतात तेव्हा किती जोर लावतात हे त्यांनी मोजले आणि १९१३ साली प्रसिद्ध केले. ओढणाऱ्यांची संख्या वाढत जाते तसा एकेकाचा वाटा घटत जातो, असे त्यांना आढळले. आपल्या गावच्या रस्सीखेचीत हे रोज दिसते. मागच्या टोकाचा गडी नुसता तोंड वेडेवाकडे करतो! याच्या उलट निरीक्षण जर्मनीतल्या कोलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे आहे, तेही शंभर वर्षांपूर्वीचे. त्यांनी बर्लिनमधल्या नौका वल्हवणाऱ्या तरुणांना आधी एकेकट्याने वजन उचलायला लावले. मग दोघांना मिळून दुप्पट वजनाचा एकच दांडा दिला. एकाने हात टेकले की दुसऱ्यालाही तो पेलवायचा नाही. तेव्हा दिसले असे की, दोघांतला दुबळा गडी एकटा असताना जेवढा टिकला होता त्याहून अधिक वेळ टिकला. मात्र यात एक खुबी होती. दोघांच्या ताकदीत फरक बेताचा असेल तेव्हाच हे घडे. दोघे अगदी सारखे असले तर फारसा फायदा नाही, आणि एक पहिलवान दुसरा काडीपहिलवान असला तर दुबळा आधीच हाय खातो.

खेळाच्या गुरुजींनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपण करतो काय? सर्वांत तेज मुलाला पुढे काढतो, त्याला पथकाचा नायक नेमतो आणि बाकीच्यांना सांगतो, याच्यासारखे व्हा. तो खिंडीच्या चढावर दिसेनासा होतो आणि मागचे पाय खाली टेकतात. त्याऐवजी चौदांच्या चार तुकड्या करा, तीन किंवा चार जणांच्या. एकाच आळीची, नाहीतर जाण्यायेण्याच्या वाटेवरची मुले एका तुकडीत असू द्यात, म्हणजे पहिला दुसऱ्याच्या दारात जाऊन घंटी वाजवील, दोघे मिळून तिसऱ्याला उठवतील. फाट्यावर एकट्याने येणे आणि दारातून तिघांनी निघणे यांत फार अंतर आहे. आणि जोड्या लावताना थोडा पुढचा व थोडा मागचा असे बघून लावा. हवा भरायचा पंप एका तुकडीला एकच, आणि तो सर्वांत अधिक दांड्या मारणाऱ्याच्या ताब्यात! तो आला नाही तर सगळ्यांची हवा कमी, हे त्याला ठाऊक असते. हा उपाय मला एका प्राथमिक शिक्षकांनी सांगितला आणि त्याला कोलरच्या प्रयोगाचे पाठबळ आहे हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "आम्ही डस्टर असेच वर्गातल्या वांड पोराकडे देतो."

तुकडीने चालण्यात शरीराचाही फायदा आहे. वारा कापण्यात सायकलस्वाराचा बराच जोर खर्ची पडतो. दुसऱ्याच्या मागे राहून चालवणाऱ्याचा त्यातला चांगला पाव हिस्सा तरी वाचतो. म्हणून पुढचा गडी पाळीपाळीने बदलायचा. नवशिक्यांनी फार चिकटून चालवू नये, सायकलभर अंतर ठेवावे. आपल्याकडे कार्तिकीला कोकणातल्या दिंड्या बोरघाटाने चढून आळंदीला जातात. त्या वारकऱ्यांत पुढे धावून पहिला नंबर काढणारा कुणी नसतो. विणेकरी, टाळकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, सगळे एका चालीने जातात आणि मागचा मागे पडला तर दिंडी थांबते. वाटेत भेटतील तेव्हा मुलांना सायकलीवरून उतरवा आणि घटकाभर त्यांच्याबरोबर चालवा. पथक कसे चालते हे समजावण्यात माझा एक तास जातो, तिथे ते आपोआप कळते.

नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि डॉक्टर महेंद्र महाजन हे दोघे भाऊ २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत पुरी करून आले. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, आणि मुदत नऊ दिवसांची. एकाने चालवायचे तेव्हा दुसऱ्याने विसावा घ्यायचा, रात्रंदिवस. दोघेही दवाखाना सांभाळणारे, संसारी माणसे. त्यांची गोष्ट मुलांना मी सांगतो ती विक्रमासाठी नव्हे. आपली पाळी संपली की भाऊ रस्त्याच्या कडेला उभा असणार, ही खात्री त्या शर्यतीत किती मोलाची असेल, एवढे त्यांनी मनात आणावे म्हणून.

आणखी एक जुनी गोष्ट आहे, आणि ती मला अधिक प्रिय आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर निघाले. वजने उचलण्याच्या व्यायामशाळेतले ते सवंगडी. इराण, इराक, इजिप्त, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश असे फिरत ते १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परत आले. जवळजवळ ७१,००० किलोमीटर. पण निघाले होते सहा आणि पुरे करणारे तीन, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा. उरलेले तिघे वाटेत निरनिराळ्या टप्प्यांवर थांबले. कुणी घरी परतला, कुणी परदेशातच राहिला. मला या गोष्टीतला हा भाग फार मोलाचा वाटतो. जगाला फेरी घालणाऱ्या पथकातूनही निम्मे गळाले! मग आपल्या चौदांतले सात गळाले तर गुरुजींनी कपाळाला हात लावायचे कारण नाही. उरलेल्या सातांना घेऊन चालू लागावे, आणि दार उघडे ठेवावे.

दार उघडे ठेवावे म्हणालो, त्यावर थोडे थांबतो, कारण पथके मोडतात ती इथे. समजा, एक मुलगा चार दिवस आला नाही आणि पाचव्या दिवशी आला. आपण काय म्हणतो? "या साहेब! उठलात का? सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं आज!" सगळी मुले हसतात. आपणही हसतो, आपल्याला वाटते विनोद झाला. तो मुलगाही हसतो. आणि सहाव्या दिवशी तो येत नाही, कारण अंथरुणात पडल्यापडल्या त्याला थंडीपेक्षा त्या हसण्याची धास्ती वाटते. चार दिवस चुकलेल्याला पुन्हा येणे हे रोज येणाऱ्यापेक्षा अवघड असते. त्याला आल्याबरोबर काम सांगावे. "बरं झालं आलास, मागच्या चाकाची हवा बघ सगळ्यांच्या." एवढे पुरे. चौकशी नंतर, एकट्याला बाजूला घेऊन. त्यातून पुष्कळदा कळते की बाप झोडणीला मजूर लावू शकत नव्हता म्हणून पोरगा खळ्यावर होता, किंवा भातानंतर वालाची पेरणी चालली होती. आमच्या एका मुलाकडे सबंध घरात मिळून एक सायकल होती आणि आठवडाभर वडिलांची पहाटेची पाळी होती. हे त्याने चौघांत कधीच सांगितले नसते.

मुलींचे पथक असेल तर वेळेचा आणि सोबतीचा विचार दुप्पट काळजीने करावा लागतो. सकाळी उजाडल्यावर किंवा शाळा सुटल्यावर, आणि तुकडीबरोबर एखादी शिक्षिका किंवा कुणाची मोठी बहीण. पण "मुलींना थंडीत कशाला" असे कुणी म्हणत असेल तर त्याला पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचे नाव सांगावे. वयाच्या विसाव्या वर्षी, २०१८ साली, तिने सायकलीवरून जगाला फेरी घातली, सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवसांत. कॅनडात तिच्यामागे अस्वल लागले, स्पेनमध्ये लुटारूंनी गाठले, आणि रशियात बर्फातून ती पुढे गेली. आपल्या पंधरा अंशांचा विषय तिथे संपतो.

आता अंगावर काय घालावे, हेही सांगून टाकतो, कारण मुले इथे हटकून चुकतात. घरून निघताना जाड स्वेटर, कानटोपी, मफलर असा थाट करतात. दोन मैल गेले की घाम फुटतो, स्वेटर भिजतो आणि खिंडीच्या उताराला तोच ओला स्वेटर छातीला चिकटून हुडहुडी भरते. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ बरे. निघताना थोडे गार वाटावे, इतकेच घालावे. हाताची बोटे आणि कान मात्र झाकावेत; बोटे बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. युरोपातले शर्यतवाले घाटमाथ्यावर पोचल्यावर वर्तमानपत्राची घडी सदऱ्याच्या आत छातीवर सरकवतात आणि मग उतार उतरतात. ही युक्ती आपल्याला फुकटात मिळण्यासारखी आहे. कालचा पेपर कुणाच्याही घरात असतो, आणि वाचलेला असला-नसला तरी छाती सारखीच उबदार ठेवतो!

थंडीत तहान लागत नाही, म्हणून मुले पाणी पीत नाहीत. घाम मात्र जातच असतो. बाटली भरलेली परत आली तर ती बघून ओरडा, हे मी ओरडायला परवानगी असलेले एकमेव ठिकाण समजतो. उपाशीपोटी लांब जाऊ देऊ नका. निघताना केळे किंवा गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे, आल्यावर तांदळाची भाकरी किंवा नाचणीची आंबील. बाजारातल्या डब्यांची गरज नाही. सकाळच्या दवाने रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे आणि रेल्वे फाटकाचे रूळ निसरडे होतात. त्यांवर हँडल वळवू नये, सरळ जावे. टायर हिवाळ्यात थोडे सैल पडतात, कारण गार हवा आकसते. आठवड्याला एकदा दाबून बघावेत.

ध्येय दिले पाहिजे, हे तर सगळेच सांगतात. माझा अनुभव असा की, ध्येय फार लांबचे असले की जानेवारीत ते दिसत नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत वेगाने चढणाऱ्याला "घाटाचा राजा" म्हणत आले आहेत. ही पदवी ऐकून मुलांचे डोळे चमकतात हे मी पाहिले आहे, आणि ती शर्यत ज्या जुन्या रस्त्याने गेली तो आपल्या दारातलाच, हेही त्यांना सांगावे. पण पहिल्या हिवाळ्याला कर्नाळ्याची खिंड पुरे. फाट्यापासून सात-आठ किलोमीटरवर पक्षी अभयारण्य, पलीकडे थोडा उतार, आणि वर आकाशात कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका. नोव्हेंबरात खिंड चढताना किती वेळा पाय टेकले, ते प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावे. जानेवारीत पुन्हा मोजावे. मुलगा दुसऱ्याशी तुलना करायला नाखूष असतो, स्वतःच्या वहीशी करायला नसतो. मोठे झाल्यावर ज्यांना हौस राहील त्यांच्यासाठी ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या आहेत. त्यांची पद्धत फ्रान्सची, पण महाराष्ट्रात त्या कितीतरी ठिकाणी होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे. पहिला नाही, दुसरा नाही. मुदतीत आला तो उत्तीर्ण. आपल्या मध्यम मुलांना हा प्रकार फार मानवेल असे मला वाटते.

बक्षिसांचे म्हणाल, तर पेले आणि पदके मी जपून वापरतो. रोज येणाऱ्याला पदक लावले की न येणाऱ्याची सबब पक्की होते. त्यापेक्षा आपल्याकडे पोपटी आहे! रायगड जिल्ह्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडे मीठ, हवी तर अंडी, बटाटे, पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करायचे, आणि मडके जमिनीवर पालथे घालून सभोवती गवत, गोवऱ्या, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. अर्ध्या तासाने मडके उघडले की जो वास सुटतो त्यासाठी माणूस मैलभर चालत येईल, मग सायकलीचे काय! वालाच्या शेंगा भरतात त्या जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे पथक नेमके गळतीला लागते त्या दिवसांत. पोपटी खरी रात्रीची, शेकोटीभोवतीची. पण पथकाची पोपटी रविवारी सकाळी लावावी, फेरी आटोपून नऊ वाजता, कुणाच्या तरी शेतात. शेंगा ज्याच्या त्याने घरून आणाव्यात, मडके गुरुजींनी आणावे, पाला बांधावर असतोच. जो आठवडाभर आला नाही त्यालाही बोलवावे. मडके उघडल्यावर सोमवारी कुठे भेटायचे ते त्याला दुसरे कुणी सांगण्याआधी त्याच्या तुकडीतल्यांनी सांगितलेले असते.

आणि त्या दूधवाल्या मुलाला विसरू नका. रविवारी त्याचा रतीब आठपर्यंत संपतो.